क्लिफर्ड ब्राउन: 'चेरोकी'नंतर काय ऐकू?

बँडवाला_मिरज
मंडळी, नमस्कार. मी १४ वर्षं लग्नाच्या बँडात ट्रंपेट वाजवलं. पुढचा दात गेला नि वाजवणं सुटलं, आता झेरॉक्सचं दुकान आहे. मागच्या महिन्यात भाच्यानं मोबाइलवर अमेरिकेतला जाझ ट्रंपेटवाला क्लिफर्ड ब्राउन, त्याचं 'चेरोकी' लावून दिलं. आधी वाटलं, पोरानं स्पीड वाढवलाय. नाही! १९५५ सालचं वाजवणं, वय २४.

ट्रंपेटला पिस्टन तीनच, बाकी सगळी करामत ओठांची आणि जिभेची. घाई केली की सूर एकमेकांना चिकटतात. आम्ही वरातीत तसंच ढकलायचो, नाचणाऱ्यांना कुठं कळतंय. ह्या माणसाचा एकेक सूर सुटा, दाणेदार तानेसारखा, आणि तरी आवाज भरलेला.

पण खरं सांगू? पाच मिनिटांत मलाच धाप लागते. मला त्याचं सावकाश वाजवलेलं ऐकायचंय. तुम्ही पुन्हा पुन्हा काय ऐकता ते सांगा. यादी नको, यादी नेटवर मिळते. आणि भाचा म्हणतो, मरणाच्या आदल्या रात्रीचं एक रेकॉर्डिंग आहे. खरं का?

तीनताल_ठाणे
सावकाश हवं तर 'क्लिफर्ड ब्राउन विथ स्ट्रिंग्ज', जानेवारी १९५५. मागे व्हायोलिनांचा ताफा, मांडणी नील हेफ्टीची. 'लॉरा', 'स्टारडस्ट' वगैरे. विस्तार जवळपास नाही, नुसती चाल वाजवतो. मला स्वतःला ते बासुंदीसारखं वाटतं, दोन वाट्यांनंतर पुरे.

मी रोज ऐकतो ते 'जॉय स्प्रिंग', ऑगस्ट १९५४, लॉस एंजेलिस, ड्रमवर मॅक्स रोच. आठ मात्रांच्या दोन फेऱ्या नव्हे, आठ बारांच्या म्हणायला हवं, बार म्हणजे इथं चार मात्रांचा गट (सवय जात नाही!). तर दुसऱ्या फेरीत अख्खी चाल अर्ध्या स्वरानं वर चढते, पण कुठं धक्का लागत नाही. त्याच वर्षी जूनमध्ये क्लिफर्डचं लग्न झालं होतं. 'जॉय स्प्रिंग' हे बायकोचं, लारूचं, लाडाचं नाव.

पेटीवाल्याची_लेक
न्यू जर्सीतून लिहितेय. माझे बाबा पेटीची साथ करायचे, म्हणून मी साथीकडे कान लावून ऐकते. डिसेंबर १९५४, एकाच महिन्यात दोन गायिकांबरोबर ध्वनिमुद्रण: सारा वॉन आणि हेलन मेरिल. हेलनच्या रेकॉर्डची मांडणी क्विन्सी जोन्सची, तेव्हा तोही जेमतेम २१ वर्षांचा. साराचं 'एप्रिल इन पॅरिस' लावा. बाबा म्हणायचे, गवयाची ओळ संपेपर्यंत बोटं आवरता आली पाहिजेत. क्लिफर्डला ते येत होतं.

पिट्सबर्गला जाताना आमची गाडी बेडफर्डजवळून जाते. तिथल्याच टर्नपाइकवर (टोलच्या महामार्गावर), २६ जून १९५६ ला, पावसात त्यांची गाडी रस्ता सोडून गेली. शिकागोच्या कार्यक्रमाला निघाले होते. पियानोवाला रिची पॉवेल, गाडी चालवणारी त्याची बायको नॅन्सी आणि क्लिफर्ड, तिघंही गेली. २६ जून हा लारूचा वाढदिवस आणि दोघांच्या लग्नाचाही. तो पट्टा आला की मी गाणं बंद करते.

खरखर_तबकडी
भाच्याला रागावू नका, कोलंबिया कंपनीनं १९७३ मध्ये काढलेल्या 'द बिगिनिंग अँड द एंड'चं नावच तसं आहे. 'बिगिनिंग' म्हणजे १९५२ साली ख्रिस पॉवेलच्या 'ब्लू फ्लेम्स' बँडबरोबरचं, ते ठीक. 'एंड' म्हणजे फिलाडेल्फियातली मैफल, तिला लोक वर्षानुवर्षं 'आदल्या रात्रीची' म्हणत आले. पुढे अभ्यासकांनी ती वर्षभर आधीची, १९५५ ची ठरवली. गोष्ट म्हणून आदली रात्रच जास्त चालते, त्याला काय करणार. पण त्यातलं 'अ नाइट इन ट्युनिशिया' तारीख विसरूनच ऐका.

आणि मिरजकर, तुम्ही पुढची गाणी ऐकलीच नाहीत वाटतं! 'चेरोकी' ज्या तबकडीवर आहे त्याच 'स्टडी इन ब्राउन'वर 'सँडू' आहे. बारा बारांचा साधा ब्लूज (जाझमधला एक जुना साचा), रमतगमत चाललेला. खरी आवडती विचारलीत, तर हीच.

बँडवाला_मिरज
सगळ्यांचे आभार. दुकान बंद करून आठवडाभर ऐकतोय. 'सँडू' तर पाठच झालं. ताई, तुमचं सारा वॉनचं ऐकताना आमचे मास्तर आठवले. 'गाणाऱ्याच्या तोंडात वाजवू नकोस' म्हणून टपली मारायचे.

ठाणेकर, बासुंदीवरून मात्र आपलं जमणार नाही. 'लॉरा' मला दोन वाट्यांत पुरत नाही. सावकाश वाजवणं सोपं असं ऐकणाऱ्याला वाटतं. लांब सूर न हलता धरायला जो दम लागतो, तो 'चेरोकी'ला लागत नसेल. वरातीत लांब सूर आला की आम्ही अर्ध्यावर सोडायचो आणि ढोलवाल्याकडे बघायचो.