लुआंग प्रबांग: निवांत राहायचं की दोन दिवसांत उरकायचं?

काठावरचा
'व्हिएतनामला जोडून लाओसमधलं लुआंग प्रबांग' अशी पॅकेजं हल्ली सर्रास दिसतात. एक मुक्काम, फार तर दीड दिवस. पहाटे भिक्षेला निघालेल्या भिक्खूंची रांग, मग कुआंग सी धबधबा, फूसी टेकडीवरून सूर्यास्त, नाइट मार्केट, की चालले विमानतळावर. माझं मत सरळ आहे: एवढंच करायचं असेल तर जाऊच नका. किमान आठवडा काढा.

मेकाँग आणि नाम खान या दोन नद्यांच्या मधली चिंचोळी पट्टी म्हणजे जुनं गाव. १३५३ मध्ये लान शांग या जुन्या राज्याची राजधानी झालेलं, १९९५ पासून जागतिक वारसा. टोकाला १५६० च्या सुमाराचं वाट (म्हणजे विहार) शियेंग थोंग आहे, उतरत्या छपरांचं. सगळे त्याच्या मागच्या भिंतीवरच्या काचचित्रातल्या झाडापुढे फोटो काढतात आणि निघतात. शेजारच्या लहानग्या गुलाबी देवळाच्या भिंती मात्र जवळ जाऊन बघण्यासारख्या. रंगीत काचांच्या नखाएवढ्या तुकड्यांत घरं, झाडं, हत्ती, आपापल्या कामात असलेली माणसं. बुद्धाच्या परिनिर्वाणाला अडीच हजार वर्षं झाली म्हणून १९५७ साली बसवलेलं हे काम. एक भिंत वाचायला अर्धी सकाळ लागते. पुढच्याच दालनात १९५९ साली वारलेल्या राजा सिसावांग वोंगचा अंत्यरथ आहे, आणि दालनाच्या बाहेर सोनेरी कोरीव कामात चक्क रामायण. दीड दिवसवाल्यांना गाइड तिथे पाच मिनिटं देतो.

हिशेबनीस
काका, लिहिता छान, पण रजा कुठून आणू? मुंबईहून थेट विमान नाही, जाण्या-येण्यातच दोन दिवस खलास. आठवडा लुआंग प्रबांगला दिला तर घरचे विचारतील, बाकी काय बघितलं?

आणि 'जाऊच नका' हे जरा अतीच होतंय. राजधानी विएंतियानहून घाटातून बसने आख्खा दिवस जायचा तेव्हाची गोष्ट वेगळी. डिसेंबर २०२१ पासून रेल्वे आहे, दोन तासांत पोचता. ज्याच्याकडे वेळ कमी त्याने बघूच नये? शियेंग थोंग, राजवाड्याचं म्युझियम, फूसीच्या तीनशेवर पायऱ्या, धबधबा. सगळं दोन दिवसांत बसतं. चौथ्या दिवशी आठव्या देवळात आपण नक्की काय बघत असतो, छातीवर हात ठेवून सांगा!

काठावरचा
आठव्या देवळात सावलीला बसतो. घरचे विचारतील म्हणून प्रवास करायचा असेल तर बोलणंच खुंटलं.

शेजवान_नको
बँकॉकला राहते, लाओसला जाणं-येणं असतं. दोघांनाही एक अडचणीची गोष्ट सांगते.

काका, त्या पट्टीतल्या जुन्या घरांत आता राहतं कोण? बहुतेक गेस्टहाउस, कॅफे आणि बुटीक हॉटेलं. निवांत राहणाऱ्या पाहुण्यांना जुन्या लाकडी घराची गॅलरी आणि नदी हवी असते, भाडं चांगलं मिळतं, मूळ कुटुंबं घर भाड्याने देऊन गावाबाहेर जातात. देवळाचा रोजचा भात आळीतल्या घरांतून येतो. आळी रिकामी झाली की भिक्षा घालणार कोण? दीड दिवसवाला गर्दी करतो हे मान्य, पण शेजार हलवला तो तुमच्या-माझ्यासारख्या रेंगाळणाऱ्यांनी. हे बोलायला कुणाला आवडत नाही, कारण 'स्लो ट्रॅव्हल' म्हटलं की आपोआप पुण्य लागतं.

हिशेबनीस
ताई, +१००. आणि ती पहाटेची रांग तर बंदच करा पर्यटकांना. पाचला उठून भिक्खूंच्या तोंडावर फ्लॅश मारणारे बघितलेत. दिवे घाटात पालखीपुढे ड्रोन उडवणाऱ्यांना आपण शिव्या घालतो, मग तिकडे जाऊन आपणही तेच?

दीक्षाभूमीकर
जय भीम. इथे मी असहमत.

वर १९५७ चा उल्लेख आलाय. आमच्या आजोबांनी नागपूरला १४ ऑक्टोबर १९५६ ला दीक्षा घेतली, तीही त्याच अडीच हजाराव्या वर्षाच्या निमित्ताने. तिकडची कालगणना एक वर्ष पुढे-मागे, एवढंच. तेव्हा आम्ही तिथे गेलो की सगळ्यांना सरसकट 'पर्यटक' म्हणून रस्त्यापलीकडे उभं करू नका. दान घालायला श्रद्धा लागते, लाओसचा पासपोर्ट नाही.

रीत मात्र पाळायची. चपला काढून खाली बसायचं, खांदे-गुडघे झाकलेले, बोलायचं नाही, बायकांनी भिक्खूंना स्पर्श होऊ द्यायचा नाही. चिकट भाताची चिमूट पात्रात टाकायची, की पुढचा येतो. रांग थांबत नाही. भात रस्त्यावरच्या विक्रेत्याकडून घेण्यापेक्षा आदल्या दिवशी गेस्टहाउसच्या बाईंना सांगून ठेवा, त्या पहाटे ताजा वाफवून देतात. रांगेच्या शेवटी नीट बघा: गरीब मुलं टोपल्या घेऊन बसलेली असतात आणि सामणेर (शिकाऊ भिक्खू) पोरं आपल्या पात्रातला भात त्यांच्या टोपलीत टाकतात. ते सामणेरही बहुतेक खेड्यातल्या गरीब घरचे, शाळा शिकायला विहारात आलेले. हे बंद करून कुणाचं भलं होणार?

शेजवान_नको
बंद करा असं मी म्हटलेलं नाही, ते हिशेबनीस. पण तुमच्यासारखे शंभरात किती? बाकीच्यांनी मुख्य रस्ता सोडून आतल्या गल्लीत लांबून बघावं, आणि तेही कॅमेरा खिशात ठेवून.

खवय्या_साताऱ्याचा
अवांतर: शाकाहारी माणसाचे हाल होतात का?

शेजवान_नको
होतात. पपईच्या सॅलडमध्येही आंबवलेल्या माशांचं पाडेक असतं, आधीच सांगावं लागतं. नदीच्या शेवाळाचे तीळ लावलेले खाइपेन मात्र जरूर खा, कुरकुरीत लागतात. सोबतची चटणी विचारूनच घ्या, तिच्यात बरेचदा म्हशीचं कातडं असतं.

काठावरचा
ताईंचा मुद्दा बोचला, नाकारत नाही. पण उपाय 'लवकर निघा' हा कसा? जुन्या पट्टीत खोली न घेता नाम खानच्या पलीकडे राहा. उन्हाळ्या-हिवाळ्यात बांबूचा पूल असतो, थोडे किप (तिकडचं चलन) देऊन चालत गावात येता येतं. पैसे पलीकडच्या वस्तीतही जातात.

हिशेबनीस
म्हणजे आज आळी रिकामी केली, उद्या पलीकडचा काठ. आणि पावसाळ्यात तो पूल काढून ठेवतात, तेव्हा तुमचा आठवडा टुकटुकने फिरण्यात जाणार. माझी जानेवारीची तिकिटं झालीत. दोन रात्री, जुन्या गावातच. पहाटेच्या रांगेला मात्र जाणार नाही, एवढं दीक्षाभूमीकरांना सांगून ठेवतो.

दीक्षाभूमीकर
नका जाऊ. पण खोलीच्या खिडकीतूनही फ्लॅश मारू नका म्हणजे झालं.