मदत हवी आहे: घरच्या हापूसला कल्टार घालावं का?

नमस्कार मंडळी. रत्नागिरीजवळ आमच्या परसात आजोबांनी लावलेली हापूसची कलमं आहेत. हापूस वर्षाआड धरतो हे ठाऊक आहे, पण यंदा सलग दुसऱ्या वर्षी नुसती पालवी. आई रोज वर बघून हळहळते.

शेजारचे बागायतदार काका म्हणतात, कल्टार घाल. म्हणजे पॅक्लोब्युट्राझोल, पालवीची वाढ रोखून मोहोर आणणारं औषध. जुलै-ऑगस्टमध्ये बुंध्याभोवती भोकं पाडून पाण्यातून ओततात; झाडाच्या विस्ताराच्या व्यासाला मीटरमागे ३ मिली, हा हिशेबही त्यांचाच. मामाचं उलट. "झाड पिळून निघतं त्यानं. आधी शेणखत घाल, मधल्या फांद्या विरळ कर, ऊन आत जाऊ दे." दोघांचाही अनुभव दांडगा, आणि दोघंही रोज विचारतात, काय ठरलं म्हणून!

आम्हाला वाशीला पेट्या पाठवायच्या नाहीत, घरात एक आढी लागली तरी पुरे. त्यामुळे मला मामाचं जास्त पटतंय.

ज्यांनी कल्टार घालून मग बंद केलं, त्यांची झाडं पुढे कशी राहिली? शिवाय एका कलमावर बांडगूळ आलंय, ते काढताना फांदी किती मागून छाटायची? दापोलीला विद्यापीठात विचारणारच आहे, पण त्याआधी स्वतः करून पाहिलेलं असेल तर जरूर लिहा.