चर्चा: प्रेम काढून घेतले तर कादंबरी उभी राहते का?

मांडवीची वाचक

माझी भाची इथे बडोद्यात, कलाभवनात अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. दिवाळीच्या सुट्टीत तिने मला पाच पुस्तके सुचवायला सांगितली. विज्ञानकादंबरी किंवा अद्भुतरम्य कादंबरी हवी, तिच्यात प्रेमकथा हवी, आणि ती प्रेमकथा तोंडी लावण्यापुरती नको, अशा तिच्या तीन अटी होत्या. यादी करायला बसले त्याला आता तीन आठवडे झाले, तरी ती पुरी झालेली नाही, कारण अशी शिफारस कोणत्या कसोटीवर करायची हेच मला ठरवता येईना. जे काही ठरले ते येथे मांडते. आपल्या वाचनमंडळींनी ते खोडून काढले तरी माझी हरकत नाही.

माझे म्हणणे असे की, ज्या कादंबरीतले प्रेम त्या कल्पित जगाच्या नियमातून जन्मते, किंवा त्या नियमामुळेच अडते, तीच शिफारस करण्याजोगी. नायक-नायिकेला अंतराळयानातून उतरवून सुरतेच्या गाडीत बसवले आणि तरीही त्यांची कथा एका वाक्याचा बदल न करता पुढे चालू राहिली, तर ते यान केवळ नेपथ्य होते असे समजावे. उलट आयझॅक असिमोव्ह यांची १९५५ सालची 'द एंड ऑफ इटर्निटी' घ्या. काळाबाहेर वसलेली एक संस्था माणसांच्या भल्यासाठी इतिहासात लहान-लहान फेरफार करीत असते, आणि तिच्या सेवकांना कोणात जीव गुंतवण्याची मुभा नसते. त्यांपैकी एकजण एका शतकातल्या स्त्रीवर प्रेम करू लागतो, तेव्हा पुढच्या फेरफारानंतर ती स्त्री मुळात जन्मलेलीच नसेल, ही भीती त्याच्यासमोर उभी राहते. ही भीती दुसऱ्या कोणत्याही प्रकारच्या कादंबरीत संभवत नाही.

आणि हे आपल्याला परके नाही. कच संजीवनी विद्या शिकायला शुक्राचार्यांकडे जातो, दैत्य त्याची राख मद्यात कालवून गुरूलाच पाजतात, गुरूच्या पोटात असतानाच तो विद्या शिकतो आणि पोट फाडून बाहेर येतो. देवयानी लग्नाचे विचारते तेव्हा तो म्हणतो की, ज्या देहातून तू झालीस त्याच देहातून मीही झालो, म्हणून मी तुझा भाऊ. ज्या विद्येने त्याला जिवंत केले तिनेच लग्नाची वाट बंद केली. खाडिलकरांच्या 'संगीत विद्याहरण'चे प्रयोग १९१३ पासून पाहणाऱ्या मराठी प्रेक्षकाला ही कसोटी नव्याने शिकवायला नको.

रावपुऱ्याचे काका

ताई, कसोटी चांगली आहे, पण आपण तिच्यात 'नियम' हा शब्द फार स्वस्तात वापरला आहे. मी आयुष्यभर रसायनांच्या कारखान्यात काम केले असल्यामुळे, लेखक ज्याला नियम म्हणतो तो खरोखर नियम आहे की सोय, हे मी आधी पाहतो.

ऑड्री निफेनेगर यांची २००३ सालची 'द टाइम ट्रॅव्हलर्स वाइफ' आपल्या यादीत असणार, असा माझा कयास आहे. नायकाला एक जनुकीय विकार आहे आणि त्यामुळे तो अवचित भूतकाळात किंवा भविष्यकाळात फेकला जातो. फेकला जाताना अंगावरचे कपडे मागे राहतात, इतका तपशील लेखिकेने काटेकोरपणे सांभाळला आहे. पण तो वारंवार नेमका नायिकेच्या घराजवळच्या कुरणातच का उतरतो, याला जनुकाकडे उत्तर नाही, ते उत्तर कथेच्या गरजेकडे आहे. याला मी विज्ञान म्हणत नाही.

आपल्याकडे विज्ञानकथा रुजली ती वेगळ्या मातीत. १९६६ साली मराठी विज्ञान परिषद स्थापन झाली, आणि तिच्याच स्पर्धेसाठी १९७४ साली जयंत नारळीकरांनी 'नारायण विनायक जगताप' हे नाव घेऊन 'कृष्णविवर' ही कथा पाठवली. परीक्षकांना आपल्या नावाचा दबाव वाटू नये, ही त्यामागची भूमिका. नारळीकर, बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, सुबोध जावडेकर यांच्या पिढीने विज्ञान केंद्रस्थानी ठेवले आणि प्रेमाला फारशी जागा दिली नाही, याची मला कधी उणीव वाटली नाही.

प्रेमच हवे असेल तर गणित करावे. प्रकाशाच्या ९९ टक्के वेगाने जाणाऱ्या यानात एक वर्ष सरते तेव्हा पृथ्वीवर सुमारे ७ वर्षे सरलेली असतात. पत्नीचा निरोप घेऊन पाच वर्षांच्या प्रवासाला निघालेला तिशीतला माणूस परत येतो तेव्हा तो पस्तिशीचा असतो आणि ती पासष्टीची. हा विरह कोणा जादूगाराने घातलेला नाही, तो समीकरणातून येतो आणि कोणाच्याही अश्रूंनी टळत नाही. एवढ्या एका आकड्यावर कादंबरी उभी करणारा लेखक मला दाखवा, मी ती स्वतःच्या पैशाने घेऊन भाचीला देईन.

कारेलीबागेतली ग्रंथपाल

दोघांनीही मूळ मागणी बाजूला सारली आहे, असे मला नम्रपणे सांगावेसे वाटते. मुलीने प्रेमकथा मागितली होती. मांडवीताई तिला तत्त्वज्ञान देत आहेत आणि काका भौतिकशास्त्राची तोंडी परीक्षा घेत आहेत.

आपल्या दोघांची उदाहरणे पाहा. कच देवयानीला सोडून जातो, असिमोव्हच्या नायकाच्या डोक्यावर प्रेयसी नाहीशी होण्याची टांगती तलवार आहे, आणि काकांच्या गणितात तर बायको म्हातारी होऊन बसली आहे. प्रेम सफल झाले की ते वाङ्मयीन दर्जातून उतरते, असा आपल्या वाचकांचा जुना समज आहे आणि तो मला मुळीच मान्य नाही. शेवट गोड होईल याची खात्री वाचकाला आधीच असावी, ही प्रेमकादंबरीची रीत आहे. तो दोष असेल तर भैरवीने मैफल संपणार हे ठाऊक असणे हाही दोषच ठरेल.

शिफारस करणे हे माझे रोजचे काम असल्यामुळे आणखी एक सांगते. सयाजीराव महाराजांनी १९१० साली अमेरिकेहून ग्रंथपाल बोर्डन यांना बोलावले, तेव्हा बोर्डन यांनी बडोद्यासाठी कटर यांच्या ग्रंथवर्गीकरणातली अक्षरे आणि ड्यूई यांच्या वर्गीकरणातले आकडे यांचा मेळ घालून एक स्वतंत्र वर्गीकरण बसवले. मांडवीजवळच्या मध्यवर्ती ग्रंथालयाच्या त्या लोखंडी मांडण्यांमधून, पायाखालच्या काचेच्या लाद्यांवरून चालताना मला नेहमी वाटते की, वर्गीकरण हे वाचकाला पुस्तक सापडावे म्हणून असते, पुस्तकाची लायकी ठरवण्यासाठी नसते. आपण कसोटीच्या नावाखाली लायकी ठरवायला बसलो आहोत.

माझी शिफारस लोइस मॅकमास्टर बुजोल्ड यांच्या १९९९ सालच्या 'अ सिव्हिल कॅम्पेन'ची. बरायार नावाच्या ग्रहावरचा एक बुद्धिमान, उतावळा, शरीराने अधू असा सरदारपुत्र एका विधवेच्या प्रेमात पडतो. तिला पुन्हा लग्नाचे नावही नको असते. म्हणून तो आपला हेतू लपवून तिला बाग आखण्याचे काम देतो, आणि एका मेजवानीत सगळे असे काही बिनसते की वाचताना हसूही येते आणि त्याच्या जागी आपण नाही याचे हायसेही वाटते. काकांसाठी विज्ञान त्यात ठासून भरलेले आहे. आईच्या शरीराबाहेर गर्भ वाढवण्याचे यंत्र आणि लिंगनिवडीचे तंत्र हाती आल्यावर त्या ग्रहावरच्या एका पिढीने मुलगेच मुलगे जन्माला घातले, आणि आता ते सगळे लग्नाच्या वयाचे झाले असून मुलीच नाहीत. ही परिस्थिती गुजरातेतल्या आणि महाराष्ट्रातल्या वाचकाला वेगळी समजावून सांगावी लागेल का?

फतेगंजचा विद्यार्थी

ग्रंथपालताईंचे उदाहरण मला पटले. तरी शेवट गोड असण्याच्या खात्रीबद्दल माझी एक गंभीर शंका आहे, आणि ती मांडवीताईंच्या कसोटीलाही तितकीच लागू पडते.

अद्भुतरम्य प्रेमकादंबऱ्यांमध्ये जगाचा नियम पुष्कळदा एका गैरसोयीच्या गोष्टीवर पांघरूण घालण्याच्या कामी येतो. माझ्या वर्गातल्या मुली ज्या जाडजूड कादंबऱ्या एकमेकींना देतात, त्यांतला नायक हटकून दोन-पाचशे वर्षांचा असतो, सामर्थ्यवान असतो, आणि नायिका जेमतेम विशीची असते. तो अमर आहे या एका नियमामुळे वयातल्या अंतराचा प्रश्न विचारण्याची सोयच उरत नाही. नाओमी नोविक यांची 'अपरूटेड' मला मनापासून आवडली, तिच्यातले रान तर विसरता येत नाही. पण दर दहा वर्षांनी खोऱ्यातली एक मुलगी आपल्या मनोऱ्यात नेणारा, शंभरी केव्हाच ओलांडलेला तुसडा मांत्रिक आणि सतरा वर्षांची नायिका, ही जोडी मला खटकत राहिली. काकांनी सांगितलेल्या निफेनेगरबाईंच्या कादंबरीत नायक छत्तिशीचा असताना सहा वर्षांच्या नायिकेला प्रथम भेटतो. पुढे ती वीस वर्षांची असताना त्याला भेटते तेव्हा तो अठ्ठावीस वर्षांचा आहे आणि तिला ओळखतही नाही. तोवर तिचे सगळे बालपण त्याची वाट पाहण्यात गेलेले असते. यात तिला निवड कधी होती? या प्रश्नाचे उत्तर कादंबरी देत नाही, पण प्रश्न वाचकाच्या मनात उठू देते, म्हणून मी ती बाद करत नाही. जी कादंबरी तो उठूच देत नाही, ती मात्र मी कोणाला सुचवणार नाही.

माझी निवड उर्सुला ले ग्विन यांची १९६९ सालची 'द लेफ्ट हँड ऑफ डार्कनेस' ही आहे. हिमयुगात गोठलेल्या एका ग्रहावरची माणसे एरवी ना स्त्री असतात ना पुरुष. महिन्यातले काही दिवसच ती यांपैकी एक काहीतरी होतात, आणि काय होतील हे आधी ठरलेले नसते. पृथ्वीवरून आलेला दूत आणि तिथला पदच्युत मंत्री बर्फाच्या पठारावरून सुमारे ८० दिवस एका तंबूत, एका चुलीभोवती प्रवास करतात. त्यांच्यात जे घडते त्याला प्रेम म्हणायचे की मैत्री, हे ठरवताना वाचकाच्या स्वतःच्याच कल्पना उघड्या पडतात.

कारेलीबागेतली ग्रंथपाल

पण त्या दोघांचा देहसंबंध होत नाही, लग्न होत नाही, आणि शेवट काय होतो ते मी लिहीत नाही. पुन्हा विरहच! पुस्तक थोर आहे, यात वाद नाही. पण प्रेमकथा मागणाऱ्या मुलीच्या हाती ते देणे म्हणजे श्रीखंड मागणाऱ्याला उपासाचे महत्त्व सांगण्यासारखे आहे. वयाच्या अंतराचा आपला मुद्दा मात्र मी पदरात घेते. वाचनालयात पालक मला हेच विचारतात आणि मी आजवर गुळमुळीत उत्तरे देत आले.

रावपुऱ्याचे काका

लिंगनिवडीचा ग्रह मी वाचीन. मला तो गंभीर विषय विनोदी कादंबरीत सापडेल असे वाटले नव्हते.

माझ्या आव्हानाला अजून कोणी उत्तर दिलेले नाही, हेही नोंदवतो. मंगळावरून निघालेला संदेश पृथ्वीवर पोहोचायला, दोन्ही ग्रह कोठे आहेत त्यानुसार, साधारण ३ ते २२ मिनिटे लागतात. "रागावलीस का?" असे विचारल्यावर उत्तर यायला पाऊण तास लागणार असेल, तर भांडण कसे करायचे आणि मिटवायचे कसे? आमच्या मराठी विज्ञानकथेने हे लिहायला हवे होते. वर मी उणीव वाटली नाही असे म्हटले ते, आता हे लिहिताना, जरा घाईचे वाटू लागले आहे.

मांडवीची वाचक

काका, नियम आणि सोय यांतला फरक मला मान्य आहे. माझ्या कसोटीत तो नव्हता. पण तुमच्या कसोटीवर काझुओ इशिगुरो यांची २००५ सालची 'नेव्हर लेट मी गो' नापास होईल, कारण अवयवांसाठी वाढवलेल्या माणसांमागचे जीवशास्त्र त्यांनी जवळजवळ सांगितलेलेच नाही. त्या तरुणांमध्ये एक अफवा असते की, दोघांचे एकमेकांवर खरे प्रेम आहे हे सिद्ध झाले तर त्यांना काही वर्षांची सवलत मिळते. प्रेम सिद्ध करायचे म्हणजे नेमके काय दाखवायचे, आणि कोणाला, हा प्रश्न मला त्या पुस्तकाने वर्षभर पुरवला. तिथे विज्ञान अंधारात ठेवल्यामुळेच प्रेमावर एवढा उजेड पडतो, असे माझे मत आहे.

ग्रंथपालताईंना एवढेच सांगते की, सफल प्रेमाला माझा विरोध नाही. फक्त ते सफल होण्यासाठी कोणीतरी काहीतरी बदलावे लागते, आणि त्या बदलाची किंमत पानावर दिसली पाहिजे. आपल्या सरदारपुत्राला ती मोजावी लागते का?

कारेलीबागेतली ग्रंथपाल

मोजावी लागते. मेजवानीनंतर त्याने लिहिलेले क्षमापत्र वाचा. माझ्याकडची प्रत रविवारी घेऊन येते.

मांडवीची भाची

मावशी, तुझी यादी येईना म्हणून मी परवा 'धिस इज हाऊ यू लूज द टाइम वॉर' वाचून टाकले. अमल एल-मोहतार आणि मॅक्स ग्लॅडस्टोन या दोघांनी मिळून लिहिलेली २०१९ सालची लहानशी कादंबरी आहे. काळाच्या युद्धातल्या दोन शत्रुपक्षांच्या दोन हेर स्त्रिया एकमेकींना पत्रे लिहितात, तीही कागदावर नव्हे, तर झाडाच्या खोडातल्या वलयांत किंवा चहाच्या पत्तीत. युद्धाचे कारण शेवटपर्यंत नीट कळत नाही, त्यामुळे काकांना ती चालणार नाही. दोघीही तुल्यबळ आणि सारख्याच धोकादायक आहेत, त्यामुळे फतेगंजच्या दादांना चालेल. मला स्वतःला पत्रे फार आवडली, पण त्या दोघी जेवतात कधी, झोपतात कधी, एकमेकींवर वैतागतात कधी, हे मला कुठेच सापडले नाही. म्हणून आता बाग आखणाऱ्या विधवेचे पुस्तक आधी द्यावे.

मंगळावरचे भांडण काकांनीच लिहावे, अशी माझी विनंती आहे. संदेशाला लागणाऱ्या वेळाचे तक्ते मी करून देईन. आणि 'विद्याहरण' मी वाचलेले नाही, त्याची प्रत कोणाकडे असल्यास रविवारी आणावी. शाळेत आम्हाला कच एवढाच शिकवला होता, देवयानी नाही.