खोलीत बसलेल्या माणसाची साक्ष : किसिंजर, १९७१ आणि आठवणींचा भरवसा

कागदोपत्री (धागाकर्ता)

गेल्या आठवड्यात 'पेन्शनर' यांनी येथे किसिंजर (अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन यांचे तेव्हाचे राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार) यांच्या आठवणींच्या पहिल्या खंडावर लेख लिहिला. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे, की १९७१च्या डिसेंबरात पश्चिम पाकिस्तान वाचले ते निक्सन आणि किसिंजर यांच्या खंबीरपणामुळे. हे मान्य करणे आपल्याला जड गेले, तरी जो माणूस प्रत्यक्ष त्या खोलीत बसला होता, त्याची साक्ष घरी बसून वर्तमानपत्रे वाचणाऱ्यांच्या मतापेक्षा मोलाची आहे, असेही ते म्हणतात. त्या लेखाखाली दोन ओळींत असहमती नोंदवून मी गप्प बसणार होतो. ते जमले नाही, म्हणून हा स्वतंत्र धागा.

हा खंड १९७९ साली आला. लिहिताना किसिंजर यांच्या हाताशी स्वतःची सरकारी टिपणे होती आणि दूरध्वनीवरील संभाषणांची टंकलिखिते होती. ही टंकलिखिते त्यांनी पद सोडताना स्वतःकडे ठेवली आणि पुढे निर्बंध घालून लायब्ररी ऑफ काँग्रेसकडे दिली. अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागाराने त्यांची सुमारे वीस हजार पाने खुली केली ती २००४ साली. म्हणजे हा साक्षीदार सर्व कागद आपल्या कपाटात ठेवून पिंजऱ्यात उभा राहिला आणि पंचवीस वर्षे त्याची धड उलटतपासणीच झाली नाही. अशा साक्षीला मोलाची म्हणायचे असेल, तर ती मोलाची कोणाला, हेही सांगावे.

जी उलटतपासणी झाली, ती त्यांच्याच घरातून झाली. अमेरिकेचे तेव्हाचे नौदलप्रमुख ॲडमिरल झुमवाल्ट यांनी १९७६ सालच्या आपल्या आठवणींत लिहून ठेवले आहे, की एंटरप्राइज या विमानवाहू नौकेसह जो ताफा बंगालच्या उपसागराकडे धाडण्यात आला, त्याची नेमकी कामगिरी काय, हे त्यांना स्वतःलाच नीट सांगितले गेले नव्हते. परराष्ट्र खात्यात दक्षिण आशियाचे काम पाहणारे ख्रिस्तोफर व्हॅन हॉलन यांनी १९८० साली दीर्घ लेख लिहून किसिंजर यांची मुख्य विधानेच खोडून काढली. पाकिस्तानचे लष्करी अध्यक्ष याह्याखान मार्च १९७२पर्यंत पूर्व पाकिस्तानला स्वायत्तता देणारच होते, हे त्यांनी मानले नाही, आणि भारताने पश्चिम पाकिस्तान मोडण्याचा निर्णय घेतला होता, हेही मानले नाही. एकाच प्रशासनातील तीन माणसांच्या आठवणी तीन दिशांना जात असतील, तर 'खोलीत असणे' हा पुरावा ठरत नाही.

पेन्शनर

माझ्या लेखाला एवढा सविस्तर मान दिल्याबद्दल आभारी आहे. कागदांवर आपली फार श्रद्धा दिसते. मी एकतीस वर्षे एका सरकारी कार्यालयात बैठकांची इतिवृत्ते लिहिली आहेत, म्हणून त्या श्रद्धेविषयी दोन शब्द बोलतो. बैठक सोमवारी होत असे, मसुदा बुधवारी साहेबांकडे जात असे आणि शुक्रवारी तो परत येई, तेव्हा त्यात साहेब जे बोलले ते कमी आणि त्यांनी जे बोलायला हवे होते ते अधिक असे. एकदा एका अधिकाऱ्याने भर बैठकीत कडाडून विरोध केला होता. मी तो शब्दशः लिहिला आणि सही होऊन आलेल्या प्रतीत 'सर्वानुमते' असे वाचले. आजपासून पन्नास वर्षांनी एखादा संशोधक ती प्रत उघडेल आणि आपल्यासारखाच म्हणेल, की कागद खोटे बोलत नाहीत.

आता मूळ मुद्दा. भारतीय मंत्रिमंडळातील चर्चेचा गुप्त वृत्तान्त सीआयएच्या हाती लागला होता, ही किसिंजर यांनी रचलेली कथा नाही. तसा अहवाल डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात वॉशिंग्टनला पोहोचला होता, हे त्यांचे टीकाकारही नाकारत नाहीत. पाकव्याप्त काश्मीरचा काही भाग घेणे आणि पाकिस्तानचे चिलखती दल व हवाई दल निकामी करणे, असे त्यात म्हटले होते. तो वाचलेल्या माणसाने सावध होऊ नये, अशी आपली अपेक्षा आहे काय? जुलैमध्ये ज्या याह्याखानांच्या मदतीने ते इस्लामाबादहून गुपचूप बीजिंगला जाऊन आले, त्यांना पाच महिन्यांत वाऱ्यावर सोडले असते, तर चीनने अमेरिकेच्या शब्दाची किंमत काय केली असती? आणि शेवटी १७ डिसेंबरला पश्चिम सीमेवर युद्ध थांबले, हेही खरेच आहे.

कागदोपत्री

कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली, म्हणून फांदी कावळ्याने तोडली असे होत नाही. युद्ध थांबले ते ढाक्यातील शरणागतीनंतर भारताने एकतर्फी युद्धबंदी जाहीर केली म्हणून. ती किसिंजर यांच्या धाकाने केली, हे दाखवणारी साक्ष मुख्यतः किसिंजर यांचीच आहे.

आपल्या इतिवृत्तांची गोष्ट मला पटली. ती माझ्या विरोधात जाते असे मात्र नाही. आपले साहेब शुक्रवारी जे करत, तेच किसिंजर यांनी १९७९ साली केले. सुदैवाने येथे बुधवारचा मसुदाही उपलब्ध आहे. जॅक अँडरसन या अमेरिकन पत्रकाराच्या हाती त्या डिसेंबरातील बैठकांची टिपणे लागली. आपण भारताशी पुरेसे कठोर वागत नाही म्हणून अध्यक्षांकडून दर अर्ध्या तासाला बोलणी खावी लागतात, असे किसिंजर ३ डिसेंबरला आपल्या सहकाऱ्यांना सांगताना त्यांत दिसतात. त्यानंतर अवघ्या चार दिवसांनी, ७ डिसेंबरला, त्यांनी पत्रकारांना सांगितले की प्रशासन भारतविरोधी नाही. शिवाय निक्सन यांनी फेब्रुवारी १९७१पासून स्वतःच्या कार्यालयात ध्वनिमुद्रण सुरू केले होते, त्यामुळे हे सारे संकट फितींवर आहे. भारतीयांविषयी आणि इंदिराजींविषयी त्या दोघांनी वापरलेली भाषा २००५ साली प्रसिद्ध झाली, तेव्हा किसिंजर यांना खेद व्यक्त करावा लागला. आठवणींच्या जाडजूड खंडात ती भाषा कोठे आहे? ध्वनिफितीवर कोणी शुक्रवारी सही करत नाही, पेन्शनरसाहेब.

अनुस्वार

मी गिरगावात वाढले आणि आता ओहायोत राहते, म्हणून दोन्हीकडचे थोडेसे सांगते. १९७१च्या अंधारपटाची आठवण माझे दोन्ही काका सांगतात. खिडक्यांना काळे कागद, भोंगा वाजला की जिन्याखाली धावणे, हे दोघांचे सारखेच आहे. मात्र धाकटे काका ठामपणे सांगतात, की अमेरिकेचे सातवे आरमार येत होते म्हणून मुंबई अंधारात ठेवली होती. अंधारपट सुरू झाला तो ३ डिसेंबरला पाकिस्तानने हवाई हल्ले केल्यानंतर. ताफ्याला निघण्याचा हुकूम झाला १० तारखेला, आणि तो गेला बंगालच्या उपसागराकडे. मी हे तारखांसकट दाखवले, तेव्हा काका म्हणाले, "तू तेव्हा जन्मली तरी होतीस का?" पेन्शनरकाका, आपला युक्तिवाद नेमका हाच आहे, फक्त भाषा अधिक सभ्य आहे.

धाकटे काका खोटे बोलत नाहीत. नंतर वर्षानुवर्षे जे वाचले, ते त्यांच्या त्या रात्रीत मिसळले आहे. अमेरिकेत निवृत्त राजदूतांच्या मुलाखती घेऊन ठेवण्याचा मोठा प्रकल्प चालतो. त्यात दोन हजारांहून अधिक मुलाखती आहेत आणि टंकलिखित झालेली मुलाखत त्या अधिकाऱ्याला दुरुस्तीसाठी दिली जाते. ढाक्यातील वकिलातीचे प्रमुख आर्चर ब्लड यांचीही मुलाखत त्यात आहे. ती वाचताना मला त्यांच्याविषयी आदर वाटला, पण हेही जाणवले, की त्यांना स्वतःच्या शहाणपणाची आठवण फारच स्वच्छ राहिली आहे. ब्लड यांनाही तीच कसोटी लावायला कागदोपत्री तयार आहेत का?

कागदोपत्री

तयार आहे, आणि ब्लड त्या कसोटीस उतरतात. त्यांचे आठवणींचे पुस्तक २००२ साली ढाक्यात प्रसिद्ध झाले, म्हणजे एकतीस वर्षांनी. तरी ढाक्याहून वॉशिंग्टनला गेलेली त्यांची तार ६ एप्रिल १९७१ची आहे. तिच्यावर वीस अमेरिकन अधिकाऱ्यांची नावे आहेत. आपले सरकार पूर्व पाकिस्तानातील लष्करी अत्याचारांचा निषेध करण्यात कमी पडले, असे तिच्यात स्पष्ट लिहिले आहे. ब्लड यांनी स्वतः सही केली नाही, पण पाठिंबा देणारे टिपण जोडले आणि या लढ्याचा शेवट बहुधा स्वतंत्र बांगलादेशात होईल, असे त्यात नोंदवले. शहाणपणाची तारीखच कागदावर आहे. त्याची किंमत म्हणून त्यांची ढाक्याहून उचलबांगडी झाली आणि वॉशिंग्टनमध्ये कर्मचारी विभागात त्यांना बसवण्यात आले.

फ्लोरा फाउंटन

आपण सर्व विद्वान आहात, पण मंत्रिमंडळातील तो खबऱ्या कोण होता, हे कोणीच का लिहीत नाही? सेमूर हर्श या अमेरिकन पत्रकाराने १९८३ सालीच मोरारजी देसाई यांचे नाव घेतले होते. मला त्याचे यत्किंचितही आश्चर्य वाटले नाही. २१ नोव्हेंबर १९५५ रोजी फ्लोरा फाउंटनवर गोळीबार झाला, तेव्हा माझे आजोबा त्या गर्दीत होते. त्यांच्या पोटरीत शिरलेली गोळी निघाली, पण पाय कायमचा अधू राहिला. ज्या मुख्यमंत्र्यांच्या राजवटीत मराठी माणसांवर गोळ्या चालल्या, त्यांनी पुढे देशाची खबर विकली असेल, यावर विश्वास ठेवायला मला किसिंजर यांच्या आठवणी लागत नाहीत आणि ब्लड यांची तारही लागत नाही.

बडोदेकर

आपल्या आजोबांच्या वेदनेचा पूर्ण आदर ठेवून सांगतो, की हा प्रतिसाद म्हणजे चर्चेच्या नावाखाली केलेली नालस्ती आहे. मोरारजीभाई जुलै १९६९मध्ये मंत्रिमंडळातून बाहेर पडले आणि १९७१च्या डिसेंबरात ते विरोधी पक्षात होते. जो माणूस मंत्रिमंडळात नव्हता, त्याने मंत्रिमंडळाच्या बैठकीचा वृत्तान्त कसा पोहोचवला? काहींनी आपल्या मातीतील नेत्याकडेही बोट दाखवले आहे, एकही कागद न दाखवता. तेव्हा मात्र आपणच खवळून उठाल.

आम्ही तीन पिढ्या बडोद्यात मराठी बोलतो. मोरारजींचे नाव निघाले, की आम्हाला मुंबईच्या नातेवाइकांच्या पंक्तीत मान खाली घालून जेवावे लागते, जणू हुकूम आम्हीच दिला होता. साठ-सत्तर वर्षे हे ऐकून कान किटले आहेत.

फ्लोरा फाउंटन

कान किटण्याची तक्रार करणाऱ्यांनी एकशे पाच हुतात्म्यांच्या घरी जाऊन ती करावी. मंत्रिमंडळात नसलेल्या ज्येष्ठ नेत्याला आतले काही कळत नाही, हे ज्याने कधी राजकारण पाहिले नाही, त्यालाच पटेल. शिवाय मोरारजी हर्श यांच्याविरुद्ध अब्रुनुकसानीचा खटला हरले, हे आपण सोयीस्करपणे गाळले.

बडोदेकर

गाळले नाही, लिहिण्याची वेळ आली नव्हती, एवढेच. १९८९ साली शिकागोत ज्यूरीने हर्श यांच्या बाजूने निकाल दिला, हे खरे आहे. अमेरिकेच्या कायद्यात सार्वजनिक व्यक्तीला केवळ मजकूर चुकीचा होता एवढे दाखवून भागत नाही. लेखकाने तो खोटा असल्याचे जाणून किंवा खऱ्याखोट्याची पर्वा न करता लिहिला, हेही सिद्ध करावे लागते. तेव्हा खटला हरणे म्हणजे आरोप सिद्ध होणे नव्हे. त्या खटल्यात मोरारजीभाईंच्या बाजूने साक्ष द्यायला जातीने कोण आले होते, हे आपल्याला ठाऊक आहे का? हेन्री किसिंजर. मोरारजी हे सीआयएचे हस्तक असल्याची आपल्याला माहिती नाही, असे त्यांनी सांगितले.

पेन्शनर

बडोदेकर यांनी नकळत या धाग्याची गाठ सोडवली आहे. कागदोपत्री यांना आता माझा एकच प्रश्न आहे. १९७९ साली आठवणी लिहिणाऱ्या किसिंजर यांच्या शब्दावर विश्वास ठेवायचा नाही, असे आपण म्हणता. तर १९८९ साली शपथेवर साक्ष देणाऱ्या त्याच किसिंजर यांचे काय करायचे?

कागदोपत्री

प्रश्न अडचणीचा आहे, हे मान्य करतो. माझे उत्तर असे, की मोरारजी तेव्हा मंत्रिमंडळात नव्हते, हे सिद्ध करायला मला किसिंजर यांची शपथ लागत नाही, त्यासाठी राजीनाम्याची तारीख पुरते. त्यांची साक्ष काढून टाकली, तरी त्या एका अहवालापुरता आक्षेप टिकतो. फ्लोरा फाउंटन यांची जखम खरी आहे, पण ती १९५५ची आहे आणि १९७१च्या आरोपाला पुरावा म्हणून ती चालणार नाही.

फ्लोरा फाउंटन

आजोबांच्या पायाचा दाखला आपल्या अभिलेखागारात नसल्यामुळे तो ग्राह्य नाही, हे समजले. धन्यवाद. राजीनाम्याच्या तारखेपुरते मी मागे घेतो, बाकी एक अक्षरही नाही.

अनुस्वार

मला पेन्शनरकाकांचा एक मुद्दा मान्य करावासा वाटतो, जरी त्यांचा निष्कर्ष मान्य नसला तरी. ध्वनिफितीत शब्द मिळतात. चीनशी जुळू पाहणारे संबंध मोडतील, ही त्या दोघांची भीती किती खरी होती आणि किती सोयीची, हे फितीवरून ठरत नाही. तेथे आठवणी वाचाव्याच लागतात. मात्र त्या वाचताना एक कोटी निर्वासित भारतात आले होते, हे त्या माणसाला लिहिताना किती वेळा आठवते, तेही मोजावे.

पेन्शनर

फितीपुढे इतिवृत्त लटके पडते, एवढे मी मान्य करतो, आणि 'साक्ष मोलाची' याऐवजी 'साक्ष ऐकण्याजोगी' असे लेखात दुरुस्त करतो. याहून अधिक माघार माझ्याकडून मिळणार नाही. राहता राहिल्या माझ्या इतिवृत्तांच्या मूळ मसुद्यांच्या वह्या. त्या आमच्या कार्यालयाने इमारत बदलताना रद्दीत दिल्या. तेव्हा माझे म्हणणे खोटे ठरवू शकेल असा कागद आता कोठेही उरलेला नाही, आणि येत्या पाडव्यापासून मीही आठवणी लिहायला घेत आहे.

कागदोपत्री

त्या 'सर्वानुमते' बैठकीत विरोध करणारे अधिकारी हयात असतील, तर त्यांचा दूरध्वनी क्रमांक मला व्यक्तिगत निरोपातून कळवावा.

पेन्शनर

हयात आहेत. क्रमांक देणार नाही.