गट समुपदेशनात माझ्याकडून चूक झाली, आता काय करू? (लातूर)

नमस्कार मंडळी,

लातूरच्या ट्युशन एरियातल्या एका NEET (मेडिकल प्रवेश परीक्षा) क्लासला मी समुपदेशक म्हणून लागले, त्याला चार महिने झाले. मानसशास्त्रात एमए आहे, पण गट घेण्याचा अनुभव म्हणाल तर कॉलेजात मैत्रिणींसोबत केलेला सराव, तेवढाच. जुलै 2025 मध्ये सुप्रीम कोर्टानं शंभर किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थांना समुपदेशक नेमायला सांगितलं, त्यानंतर आमच्या सरांना माझी गरज वाटली. असो.

रिपीटर बॅचच्या नऊ पोरांचा गट शनिवारी टेस्ट सुटल्यावर घ्यायचा ठरला. नावं रेक्टरनं दिली. मी कुणाला आधी एकटं भेटले नाही, यायचंय का हेही विचारलं नाही. नवांपैकी सात एकाच हॉस्टेलचे, हे पहिल्या बैठकीत कळलं. तरी मी छातीठोकपणे सांगून बसले, "इथलं बोलणं इथंच राहील."

तिसऱ्या शनिवारी एक जण बोलला. गेल्या वर्षी 720 पैकी 310 पडले होते, घरी 480 सांगितले. त्या भरवशावर वडिलांनी जमीन गहाण टाकून यंदाची फी भरली. बोलताना रडला. बाकीची पोरं गप्प ऐकत होती आणि मला (लिहायला लाज वाटते) वाटलं, चला, गट जमला. सोमवारी मेसमध्ये त्याचं नाव 'तीनशे दहा' पडलं होतं. आता तो सगळ्यांची जेवणं उरकल्यावर ताट घेतो.

त्यात सरांचा निरोप आला: कोण काय बोललं त्याचं रजिस्टर द्या, डळमळीत पोरं वेगळ्या बॅचला काढू. कोर्टाच्या ज्या निकालामुळं मला नेमलं, त्यातच मार्कांवरून बॅचा पाडू नका म्हटलंय!

गट बंद करू का? कुणी फोडलं ते शोधू का? पोरगा 18 पूर्ण आहे, वडिलांना सांगायचं का? आणि रजिस्टरचं काय?

प्रतिसाद १
मॅडम, एवढं काय मनावर घेता. पोरं आहेत, महिन्याभरात विसरतील.

प्रतिसाद २
पोरं विसरतील, तो नाही विसरणार.

ताई, मी संभाजीनगरला बरीच वर्षं गट घेते. तुम्ही दिलेला शब्द तुमच्या हातातला नव्हता. बांधील असतो तो गट घेणारा. बाकीच्यांकडून फक्त वचन घेता येतं, हमी देता येत नाही. हे पहिल्याच दिवशी, कुणी तोंड उघडायच्या आधी सांगायचं असतं. अपवादही तेव्हाच सांगायचे: कुणाच्या जिवाला धोका दिसला तर मी गप्प बसणार नाही, आणि 18 च्या आतल्या लेकरावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर पोक्सोखाली कळवणं मला बंधनकारक आहे.

चोर शोधू नका. शोधायला गेलात की त्याचीच गोष्ट परत चघळली जाईल. आधी त्याला एकट्याला भेटा, माफी मागा. जिवाचं काही मनात येतं का, हे आडपडदा न ठेवता विचारा. विचारल्यानं कुणाच्या डोक्यात ते शिरत नसतं. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 नंबर द्या. तसा धोका नसेल तर वडिलांना काय आणि कधी सांगायचं ते त्यानंच ठरवायचं.

सरांना लेखी द्या: तारीख आणि किती जण आले, एवढंच मिळेल. पुढचा गट एका हॉस्टेलच्या पोरांचा करू नका. ज्याला नको त्याला मधूनही उठून जाता आलं पाहिजे, आणि ते रेक्टरच्या कानावर जाता कामा नये.

धागाकर्ती
आभार ताई. काल भेटले त्याला. विचारलं सगळं, तसलं काही मनात नाही म्हणाला, तरी नंबर दिला, परवा परत भेटतोय. माफी मागितली तर उलट तोच संकोचला. जाताना म्हणाला, "मॅडम, तुमी आमाला आदी का नाही सांगितलं की हे बाहेर जाऊ शकतं? मी मार्क सोडून बाकीचं बोललो असतो."

सरांना पत्र दिलंय. उत्तर अजून नाही.