मदत हवी आहे: पावसाळ्यानंतर आऊटबोर्ड (होडीच्या मागे लावायचं मशीन) रेस दिली की बंद पडतंय

नमस्कार मंडळी,

मालवणजवळच्या खाडीत आमची छोटी फायबरची होडी आहे. मशीन ९.९ हॉर्सपॉवरचं, टू-स्ट्रोक, एकच कार्बोरेटर, दोरी ओढून चालू करायचं. होडी बाबा चालवतात. मी पुण्याहून सुट्टी काढून आलोय.

१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंदी, म्हणून मे अखेरीस होडी वर ओढली. मशीन गोड्या पाण्यावर चालवून, धुऊन पडवीत टांगलं. बाबा एवढं न चुकता करतात. राहिलं ते पेट्रोल. २४ लिटरची टाकी अर्धी भरलेली, झाकणावरचा हवेचा स्क्रू उघडा, आणि बाहेर दोन महिने पाऊस. पूर्वी हे खपून जायचं. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं आणि इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेतं.

नारळी पौर्णिमेच्या आधी मशीन लावलं तर चालूच होईना. टाकीतलं थोडं पेट्रोल काचेच्या बरणीत घेतलं. वर ऑइलच्या रंगाचा थर, खाली बोटभर पांढुरकं पाणी. बरणी हलवली की सगळं गढूळ व्हायचं, ठेवली की पुन्हा वेगळं. बाबा म्हणाले, वरचं गाळून घेऊ. मी घेऊ दिलं नाही. खालच्या थरात पाणी आणि इथेनॉल असतं, ऑइल जवळपास सगळं वर राहतं. टू-स्ट्रोकला वंगण पेट्रोलमधूनच मिळतं. तो खालचा थर ओढला गेला तर पिस्टन कोरडा चालून जाम होईल. आणि वरच्या थरातलं इथेनॉल गेल्यामुळे तेही पहिल्यासारखं पेट्रोल राहत नाही.

मग कार्बोरेटर उघडला. वाटीच्या तळाशी पांढरी बुकटी, पितळी जेटवर (पेट्रोल मोजून सोडणारा बारीक भोकाचा तुकडा) हिरवट खर. स्लो जेटचं, म्हणजे आयडलसाठीच्या जेटचं, भोक तर पूर्ण बुजलेलं. तार घातली तर भोक मोठं होतं, म्हणून जाळ्याचं बारीक तंगूस घालून साफ केलं, क्लीनर मारला, उजेडाकडे धरून आरपार दिसेपर्यंत. टाकी धुऊन वाळवली, नवीन प्लग लावला, ताजं १० लिटर पेट्रोल आणि २०० मिली टू-टी ऑइल.

आता दुसऱ्या ओढीला चालू होतं. पिंपात पंधरा मिनिटं आयडलवर छान चालतं, पाण्याची पिचकारीही जोरात. पण खाडीत गिअर टाकून अर्ध्याच्या वर रेस दिली की दीड-दोन मिनिटांत पेट्रोल संपल्यासारखं मरतं. त्या वेळी नळीवरचा फुगा (हाताने दाबून टाकीतलं पेट्रोल इंजिनाकडे ढकलायचा रबरी गोळा) दाबत राहिलो तर चालत राहतं! चोक (हवा कमी करून पेट्रोलचं प्रमाण वाढवणारा) ओढून काही फरक पडत नाही. हवेचा स्क्रू उघडाच आहे, फुगा चपटा होत नाही, पण मऊ पडतो.

मिस्त्री म्हणतो, कार्बोरेटर नवीन टाका. मला ते पटत नाही, पण खात्रीही नाही. खाडीच्या मुखावर लाटा फुटतात, तिथे मशीन बंद पडलं तर होडी आडवी होते. नीट झाल्याशिवाय बाबांना बाहेर जाऊ द्यायचं नाही, आणि ते रोज सकाळी उठून विचारतात. कुठे बघू?

प्रतिसाद:
दादा, कार्बोरेटर टाकू नका. जेट बुजलेला असता तर चोक ओढल्यावर थोडं तरी सावरलं असतं. फुगा दाबून चालतंय म्हणजे पेट्रोल पोचत नाही किंवा मध्ये हवा शिरतेय. फुगा चपटा झाला असता तर टाकीकडे अडकलंय म्हटलं असतं. मऊ पडतोय म्हणून माझा पहिला संशय हवेवर. काही उघडण्याआधी शेजारच्या होडीची टाकी, नळी, फुगा असं सगळं जोडून चालवून बघा. नीट चाललं तर दोष तुमच्या टाकी-नळीत. नाहीच चाललं तर इंजिनावरच्या पंपाचा पडदा बघा, कडक झालेला किंवा चिरलेला असेल. आणि हे होडी धक्क्याला दोन दोरांनी बांधून करा, मुखाकडे नेऊन नाही.

धागाकर्ता:
खूप आभार. आज शेजारच्यांची टाकी आणि नळी लावली. धक्क्याला बांधून वीस मिनिटं पाऊण रेसवर चाललं, एकदाही अडखळलं नाही! मग आमची नळी तपासली. इंजिनाकडच्या कनेक्टरमधला रबरी ओ-रिंग नखाने दाबला तर दोन तुकडे झाले. नळीही आतून फुगून मऊ झालीय, म्हणून नळी, फुगा, दोन्ही कनेक्टर असं सगळंच बदलतोय. टाकीतली उचल-नळी बाहेर काढली तर तिच्या जाळीवरही शेवाळासारखा चिकट थर होता, तो धुतला.

एकच राहिलं. ते जुनं, थर सुटलेलं १२ लिटर पेट्रोल दोन कॅनमध्ये भरून परड्यात सावलीत ठेवलंय. खाडीत किंवा मातीत ओतायचं नाही, आणि चुलीजवळ तर कुणाच्या हाती लागायला नको. तुमच्याकडे अशा पेट्रोलचं काय करतात?