मदत हवी आहे: पगार सोडून कन्सल्टंट होऊ का? शुक्रवारपर्यंत उत्तर द्यायचंय

पाना_तेरा
भोसरीत प्रेस टूल (पत्र्याचे पार्ट बनवायचे साचे) आणि फिक्स्चर डिझाइन करतो. कन्सल्टंट म्हणून ऑफर आहे, महिना ७५ हजार, बिल द्यायचं. सध्या पगार ५५. घरात दोन गट पडलेत. टॅक्स जास्त बसतो की कमी? 'मनाचं ऐका' वगैरे नको, शुक्रवारी सांगायचंय.

सडाफटिंग
बिनधास्त घ्या. मी २०१६ ला नोकरी सोडली, त्यानंतर कुणाकडे रजेचा अर्ज केला नाही.

इंद्रायणीकाठ
५५ म्हणजे हातात की सीटीसी? बेसिक किती? ऑफर कुणाची? कर्ज आहे का? हे काहीच न सांगता 'होऊ का' विचारताय.

पाना_तेरा
५५ ग्रॉस, बेसिक २७,५००. पीएफ-पीटी जाऊन साडेएक्कावन्न हातात. कर्ज नाही, फ्लॅट बघतोय. टॅक्सचं कुणी सांगेल का?

वजावट
सोपं आहे. वर्षाचे ९ लाख. इंजिनिअरिंग आयकराच्या ४४एडीए कलमात बसतं (नव्या कायद्यात कलमाचा नंबर बदललाय, पण सगळे अजून हेच म्हणतात). आलेल्या रकमेच्या निम्मा नफा दाखवायचा, वह्या ठेवायची कटकट नाही. म्हणजे उत्पन्न साडेचार लाख, नव्या पद्धतीत कर शून्य. कंपनी १०% टीडीएस कापेल, तो रिटर्न भरल्यावर परत येतो. तोवर हातात ६७,५०० धरा. २० लाखांच्या आत जीएसटी नाही. पीटी स्वतः भरायचा, वर्षाला २,५००.

निवृत्त_पण_व्यस्त
तरुणांनो, पीपीएफ काढलंय का कुणी? वर्षाला दीड लाखापर्यंत भरता येतात, आणि व्याजावर कर नाही.

इंद्रायणीकाठ
ऑफर कुणाची? दुसऱ्यांदा विचारतोय.

पाना_तेरा
आमच्याच मालकांची. काम तेच, खुर्ची तीच, फक्त पे-रोलवरून बिलावर. चौघांना विचारलंय. त्यात काय विशेष म्हणून लिहिलं नव्हतं.

इंद्रायणीकाठ
सगळं विशेष त्यातच आहे! किती वर्षं झाली तिथे?

पाना_तेरा
येत्या ऑगस्टात पाच होतील.

वरणफळ
ग्रॅच्युइटी!! २७,५०० × १५ ÷ २६ × ५, म्हणजे सुमारे ७९ हजार. शिवाय तुमच्या पीएफमध्ये ते दरमहा ३,३०० घालतात, तेही वाचणार. मालकांना कॅलेंडर बरोबर वाचता येतं.

सडाफटिंग
आता नवीन कायद्यात ग्रॅच्युइटी एका वर्षात मिळते. व्हॉट्सॲपवर आलं होतं.

वरणफळ
ती ठरावीक मुदतीच्या करारावर नेमलेल्यांना. कायम माणसाला पाच वर्षंच. मद्रास उच्च न्यायालयाने चार वर्षं २४० दिवस पुरेसे धरलेत, पण तो निकाल घेऊन भोसरीतल्या मालकाशी कोण भांडणार? ऑगस्ट उलटू द्या, मग बोला.

लंडनचा_पाऊस
आमच्याकडे यासाठीच्या करनियमाला आयआर३५ म्हणतात. तीच खुर्ची, तोच साहेब, तर कागदावर काहीही लिहा, टॅक्स नोकरासारखाच. एप्रिल २०२१ पासून मध्यम आणि मोठ्या खासगी कंपन्यांत हे क्लायंटनेच ठरवायचं असतं.

सडाफटिंग
भोसरीत लंडन कशाला आणलं?

इंद्रायणीकाठ
मुद्दा बरोबर आहे त्यांचा. वेळ, रजा, साहेब सगळं जुनंच राहिलं तर इथलाही आयकर अधिकारी 'हे वेतनच' म्हणू शकतो. मग निम्मा नफा वगैरे विसरा. वजावटराव, यावर काय?

वजावट
करार कसा करताय त्यावर आहे. महिन्याला ठरावीक रकमेऐवजी टूलमागे दर लावा, आणि बाहेरचं काम घ्यायची मुभा लिहून घ्या.

इंद्रायणीकाठ
आणि फ्लॅट? कर वाचवायला उत्पन्न साडेचार लाख दाखवलं की बँक कर्जही साडेचार लाखांवरच मोजणार. वर दोन-तीन वर्षांचे रिटर्न मागतात. फ्लॅट घ्यायचाच असेल तर कर्ज पगारावर असतानाच मंजूर करून घ्या.

कूलंट
माझी चाकणला टूलरूम आहे, म्हणून मालकाच्या बाजूने सांगतो. टॅक्सवर एवढी चर्चा, पण कॅडचं (डिझाइनच्या सॉफ्टवेअरचं) लायसन कुणाचं हे कुणीच विचारलं नाही. ते लाखांत जातं. क्रॅकवर (चोरीच्या कॉपीवर) काम केलंत तर नोटीस तुमच्या नावावर येईल. दुसरं, ट्रायलला पार्ट फाटला, स्प्रिंगबॅक (वाकवलेला पत्रा किती उलट येतो ते) चुकला, इन्सर्ट (साच्यातला बदलता तुकडा) परत बनवायला लागला, तर खर्च कुणाचा? नोकराला शिव्या पडतात आणि विषय संपतो. कन्सल्टंटचं बिल अडकतं. मीही अडकवतो, खोटं कशाला बोलू. डिझाइन ॲप्रूव्ह झाल्यावर जबाबदारी कुठे संपते ते करारात घाला.

सडाफटिंग
बिल अडकवायचा काळ गेला. उद्यम (लघुउद्योग म्हणून) नोंदणी करा, फुकट आहे. लेखी करार असेल तर ४५ दिवसांत पैसे द्यावेच लागतात, नसेल तर १५. नाहीतर त्यांना तो खर्च त्या वर्षी वजा मिळत नाही.

कूलंट
कायदा आहे ना. आणि पुढच्या टूलचं काम दुसऱ्याला द्यायला मला कुठला कायदा अडवतो?

वरणफळ
आईवडील कंपनीच्या मेडिक्लेममध्ये आहेत का?

पाना_तेरा
हो. वडिलांना शुगर आहे.

वरणफळ
मग नवीन पॉलिसीत शुगरशी संबंधित खर्चाला तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येतं का ते राजीनाम्याआधी विचारा, नंतर नाही. आणि दोघांचा प्रीमियम काढून बघा, ते ७५ किती उरतात.

पाना_तेरा
आज मालकांशी बोललो. ऑगस्टपर्यंत थांबायला तयार नाहीत. ग्रॅच्युइटीचं 'बघून घेऊ' म्हणाले आणि ७५ चे ८० केले. चौघांपैकी एकाने सही केलीपण. ग्रॅच्युइटी धरून बसलो तर माझंच काम त्याला जाईल असं वाटतंय.

इंद्रायणीकाठ
पाच हजार एका बैठकीत वाढले म्हणजे अजून वाढतील. त्यांना चौघांचीही गरज आहे.

वरणफळ
'बघून घेऊ' लेखी देताहेत का?

कूलंट
आणि लायसन?

पाना_तेरा
दोन्ही उद्या विचारतो.

निवृत्त_पण_व्यस्त
पीपीएफ महिन्याच्या ५ तारखेच्या आत भरायचं, नाहीतर त्या महिन्याचं व्याज जातं.